चिंध्यांची पिशवी

आज म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करून आले आणि दुपारी चिंध्यांची पिशवी काढून बसले, त्यात आईच्या कुणबी साडीचा लाल चौकडीचा तुकडा मिळाला, वापरून वापरून इतका मऊ झालाय की सुई आपोआप आत जाते. त्याचे गरम टोप उतरवायला दोन पॅड शिवले, आत जुन्या टॉवेलचे दोन थर, वरून हातानेच बारीक धावदोरा. कापड सुतीच घ्या हां, सिंथेटिक गॅसजवळ वितळतं. आणि नवं सुती असेल तर आधी धुवून घ्या, नंतर आटलं की शिवण गोळा होते. एक कोपरा वाकडा आला, उसवून परत घातला. चवथीला वहिनी येईल तेव्हा तिला देणार, हात लावला की लगेच ओळखेल ती, आईची साडी!