दुसरा राउटर जोडला आणि घरातलं नेट गंडलं, तर दोष कुठे शोधायचा

फायबर कंपनीचा डबा, म्हणजे तिने दिलेला राउटर, बहुतेक घरांत हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे बसवलेला असतो. आतल्या बेडरूममध्ये रेंज पोचत नाही, म्हणून पडून असलेला जुना राउटर काढायचा, मधे एक केबल टाकायची आणि तिकडे लावून द्यायचा, हा नेहमीचा उपाय. सुरुवातीला सगळं ठीक चालतं, मग कुरबुरी सुरू होतात. वायफाय ‘कनेक्टेड’ दिसतं पण नेट नसतं. प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. एका खोलीत नेट सुसाट, तर दुसरीत ठप्प. नवं काही विकत घेण्याआधी क्रमाने तपासलं, तर यातलं बरंचसं घरच्या घरी सुटतं.

एक गोष्ट मात्र करू नका. कंपनीच्या डब्याला मागे बारीक भोक असतं, त्यातलं रीसेट बटण टाचणीने दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने कंपनीने भरलेलं लॉगिन, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या लाइनवरच्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक पुसला जाऊ शकतो. मग किरकोळ दोषापायी कंपनीचा माणूस येईपर्यंत ताटकळावं लागतं.

सुरुवात दिव्यांपासून करा. ‘पॉन’चा (PON, फायबरच्या जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’चा (LOS, सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, तेव्हा घरातल्या सेटिंगला हात लावून उपयोग नाही. फायबर कुठे कपाटामागे चेपली किंवा खिळ्याभोवती करकचून वळली आहे का, तेवढं बघा आणि तक्रार नोंदवा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये डब्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, टाकला की उघडतं ते) ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर तो आकडा टिपून ठेवा. साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या खाली गेला की लाइन तुटत-जुळत राहते, आणि तक्रार करताना हा आकडा सांगितला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. हिरव्या टोकाची फायबर उपटून तिच्यात डोकावू नका. त्यातला लेसर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर जुना राउटर पूर्ण बाजूला काढा आणि लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या डब्याला जोडा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला कुणीच आयपी दिलेला नाही, म्हणजे दोष केबलमध्ये, पोर्टात किंवा डब्यातल्या डीएचसीपीत, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सोयीत, आहे. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर समोरच ‘डीफॉल्ट गेटवे’ (बाहेर जाण्याचं दार, म्हणजे डब्याचा आयपी) दिसेल, त्याला पिंग करा, म्हणजे ‘ping’ आणि पुढे तो आयपी लिहून उत्तर येतं का बघा. तिथून उत्तर आलं की ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. गेटवे बोलतो पण हा बोलत नाही, तर दोष बहुधा घराबाहेर आहे. दोन्ही बोलतात आणि तरी वेबसाइट उघडत नाही, तर नाव शोधणारं डीएनएस अडलंय, डब्यात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरून बघा. हे सगळं सुरळीत असेल तर कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. दोष दुसऱ्या राउटरच्या जोडणीत आहे.

राउटरला दोन प्रकारचे पोर्ट असतात: घरातल्या उपकरणांसाठी लॅन आणि बाहेरून येणाऱ्या नेटसाठी वॅन. ही जोडणी दोन तऱ्हांनी बिघडते.

पहिली तऱ्हा अशी, की मधली केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात आहे आणि दोन्ही राउटर आयपी वाटत बसलेत. नवा फोन ‘मला आयपी द्या’ म्हणून हाक मारतो आणि जो आधी उत्तर देईल त्याचा आयपी घेतो. जुन्या राउटरने आधी उत्तर दिलं तर तो गेटवे म्हणून स्वतःचाच आयपी सांगतो, पण त्याच्या वॅन पोर्टात काहीच जोडलेलं नसतं. म्हणून फोन जोडलेला दिसतो आणि नेट नसतं. सुरुवातीला सगळं नीट चालण्याचं कारणही हेच: उपकरणं आधी मिळालेला आयपी मुदत संपेपर्यंत धरून बसतात. त्यात दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वरच असतील तर गोंधळ दुप्पट. खात्री करायची तर ‘एआरपी -ए’ (arp -a) चालवा. गेटवेसमोर जो मॅक क्रमांक (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसेल, तो राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलशी ताडून बघा. शेवटचा एखादा आकडा इकडेतिकडे असू शकतो, पण पुढचे जुळले की उत्तर कोण देतंय ते कळतं.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. जुना राउटर एकटा लॅपटॉपला लॅन पोर्टातून जोडा, कंपनीची केबल अजून लावू नका. त्याच्या सेटिंगमध्ये लॅनचा आयपी १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. तो पुन्हा चालू झाला की नव्या आयपीवर लॉगिन करून डीएचसीपी सर्व्हर बंद करा. आधी डीएचसीपी बंद केलंत तर लॅपटॉपला आयपी मिळणार नाही आणि तो हाताने भरत बसावं लागेल. मग कंपनीच्या डब्याच्या लॅनमधली केबल जुन्या राउटरच्या लॅनमध्ये लावा; वॅन पोर्ट रिकामा ठेवा. कंपनीच्या डब्यात आयपी वाटपाची सुरुवात १९२.१६८.१.१० पासून करा, म्हणजे .२ दुसऱ्या कुणाला जाणार नाही. तुमचा डबा १९२.१६८.०.१ किंवा आणखी कशावर असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला. मेनूत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर एवढी खटपट नको, तोच निवडा. शेवटी सगळी उपकरणं वायफायवरून तोडून पुन्हा जोडा.

दुसऱ्या तऱ्हेत केबल जुन्या राउटरच्या वॅनमध्ये असते. इथे नेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. फोन १९२.१६८.०.२० वर, प्रिंटर १९२.१६८.१.३० वर. प्रिंटर शोधण्यासाठी फोन जी हाक मारतो ती राउटर ओलांडत नाही, म्हणून प्रिंटर ‘गायब’. टीव्हीवर कास्ट होत नाही त्याचंही कारण हेच. आणि दोन्ही बाजूंना १९२.१६८.१ च असेल तर कुठला आयपी आतला आणि कुठला बाहेरचा हे राउटरला ठरवता येत नाही, नेटच थांबतं. काही राउटर स्वतःहून आतला आयपी बदलून घेतात, पण त्यावर विसंबू नये. उपाय तोच, वरचा.

एवढं करूनही प्रिंटर हरवत असेल तर कंपनीच्या डब्यात त्याच्या मॅकला कायमचा आयपी राखून ठेवा. गेस्ट वायफायवरून प्रिंटर शोधू नका, तिथे उपकरणांना एकमेकांपासून तोडलेलंच असतं. फोनसाठी आयपी राखायचा असेल तर फोनमध्ये आपल्या वायफायपुरता ‘रँडम मॅक’ (खऱ्याऐवजी बदलता मॅक क्रमांक दाखवणं) बंद करा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तो आपोआप चालू असतो.

आता केबल. तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि तिथेच पैसे वाचवले जातात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि आतल्या खोलीत स्पीड ९४ वर अडतोय, तर केबलची लिंक १०० एमबीपीएसवर बसली आहे. १०० च्या लिंकला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एक तार निसटली तरी लिंक खाली उतरते आणि नेट ‘चालू’ राहतं, म्हणून दोष लक्षात येत नाही. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे नाहीत ना, हे मात्र आधी बघा. टोकं नव्याने मारायची तर दोन्हीकडे हाच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मनाने रंग जुळवून दोन्हीकडे ‘सारखं’ केलं की टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या जोड्या फुटल्यामुळे लांब केबलवर डेटा गळतो. तार खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. वाकवताना तुटते आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला तर बिलकूल वापरू नये. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या आणि लाइटच्या वायरच्या पाइपातून ओढू नका.

वायफायचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि दोन राउटरना १, ६, ११ पैकी वेगवेगळे चॅनेल द्या. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुधा फक्त २.४ वरच जोडले जातात, त्यामुळे तो बँड बंद करू नका.

बाहेरगावहून घरचा कॅमेरा बघण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडत (पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक आतल्या कॅमेऱ्याकडे वळवणं) बसण्याआधी डब्याच्या पानावर वॅनचा आयपी वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर कंपनीने एकाच आयपीमागे अनेक घरं ठेवली आहेत आणि तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही. त्यासाठी कंपनीकडून स्टॅटिक (तुमच्याच नावावरचा, न बदलणारा) आयपी घ्यावा लागतो, किंवा कॅमेऱ्याच्या क्लाउड ॲपवर काम भागवावं लागतं.