तुम्ही विचारलंत म्हणून: मी गोठ्यात का राहते

नागपूरचा फ्लॅट भाड्यानं देऊन ही बाई काटोलजवळ गोठ्यात का राहते, हा प्रश्न मला लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत कुठेही गाठतो. त्याच्या मागोमाग दुसरा: वास नाही येत? आणि हल्ली तिसरा: नाशिककडे लोक पैसे मोजून द्राक्षबागेत मुक्कामाला जातात, तुम्ही संत्र्यांत तसं काही का नाही करत?

तिसऱ्याचं आधी. नाही करणार. द्राक्षबागेशी आमचं नातं बोर्डो मलमापुरतं. मोरचूद, चुना आणि पाणी. निघालं फ्रान्समधल्या द्राक्षांसाठी, पावसाळ्याआधी आम्ही ते संत्र्याच्या बुंध्याला लावतो. बस.

वास येतो. पावसाळ्यात तर येतोच. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेल्या विटा आहेत त्या. त्यांतला क्षार हवेतली ओल ओढतो आणि भिंतीला लोणा धरतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा पोपडे धरून गळतो, म्हणून मिस्त्रीला चुन्याचाच करायला लावला. गव्हाणीवर कडप्पा टाकून ओटा केला. सागाचे खांब तसेच ठेवले. बैलांनी अंग घासून घासून ते कमरेच्या उंचीला गुळगुळीत झालेत. वर कवेलू, म्हणजे कौलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलर मलाही लागतो. निसर्गाच्या सान्निध्यात राहावंसं वाटलं, असं सुरुवातीला मी सांगायची. तेवढ्यावर लोक गप्प बसायचे. तेही खोटं नव्हतं, पण त्यासाठी कोणी गोठा निवडत नाही.

कारण २०१९ चा उन्हाळा. त्या वर्षी काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, जिकडे जावं तिकडे उभ्या बागा वाळल्या. आमची विहीर आटली, बोअर नुसती हवा फेकू लागली. मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे ५००० लिटरचा टँकर ५० झाडांनाही पुरत नाही, आणि एकरात असतात ११० च्या आसपास. पाण्याविना संत्रा मरतो तेव्हा पानं गळत नाहीत. ती गुंडाळून, करडी होऊन फांदीलाच राहतात, आणि त्यांत लिंबाएवढी, दगडासारखी फळं.

बाबांनी गेरूचा डबा घेतला आणि वाचवायच्या झाडांवर खुणा केल्या. मी मागून चालत होते. काही झाडांपाशी ते थांबायचे, सालीला नख लावायचे, आत हिरवं दिसलं की बोट बुडवायचे. टँकरवाल्याला रोख लागायची. एका बाजारच्या दिवशी त्यांनी बैलांची जोडी विकली.

मी भांडले. झाडं जाऊ द्या, म्हटलं, जीव विकून झाडं जगवायची का? बैलांचा चारा, कुटारही विकतच आणावं लागत होतं, हे मला कळत होतं, तरी भांडले. बाबा म्हणाले, "बैल दुसऱ्याच्या दावणीला जगतील बाई. झाडानं कुठं जावं?" घेणारा शेतकरीच होता, असं त्यांनी संध्याकाळी सांगितलं. मी पुढे विचारलं नाही. २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, काळजी कशाला करतेस, असं भाऊ म्हणतो. कायदा मलाही माहीत आहे. काळजी वाटते.

त्या पैशाचं पाणी आलं. पाइप धरून बाबा स्वतः उभे राहायचे. बुंध्याला पाणी लागलं तर डिंक्या रोग येतो, म्हणून प्रत्येक झाडाला दोन आळी असतात, आतलं कोरडं आणि बाहेरच्यात पाणी. झाड आठवडाभर टिकेल की नाही याचा भरवसा नव्हता, तरी आतल्या आळ्यात थेंब गेला की ते हातानं मातीचा बांध घालायचे. गेरूची बरीच झाडं जगली. बाकीची जेसीबीनं काढली, लाकूड वजनावर गेलं. त्या पोळ्याला बाबा तोरणाखाली गेले नाहीत.

ते गेल्यावर बाग ठेक्यानं देता आली असती. फ्लॅटही होता. पण ही झाडं कशाच्या बदल्यात उभी आहेत ते मला माहीत आहे, आणि ज्या जागेतून जोडी गेली ती जागा मला रिकामी ठेवायची नव्हती. झाडं की बैल, हा वाद माझा बाबांशी अजून मिटलेला नाही. आंबिया बहर फुलतो, रात्री वासानं झोप लागत नाही, तेव्हा त्यांचं पटतं. रिकाम्या खुंट्यावरची दोराची खाच दिसली की माझं मला पटतं.

भाऊ म्हणतो, राहायचंच आहे तर गोठा पाडू, स्लॅबचं घर बांधू. नको म्हटलं. कारण विचारलं, तेव्हा हे सगळं त्यालाही सांगितलं. त्याला पटलेलं नाही.