ट्रान्सपोजनं डोकं खाल्लं

सकाळपासून हास्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत मॅट्रिक्स ट्रान्सपोज करत बसलोय, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यातल्या आडव्या ओळी उभ्या करायच्या. लूप नाही काही नाही, सगळं रिकर्शननं, म्हणजे फंक्शन परत परत स्वतःलाच बोलावतं. आयडिया तशी सोपीय, प्रत्येक ओळीचं हेड, म्हणजे पहिला आकडा काढायचा, ते सगळे मिळून झाली नवी पहिली ओळ, मग टेलवर, म्हणजे ओळीत उरलेल्या आकड्यांवर परत तेच. पण रन केलं की एरर, हेड मागतंय आणि लिस्ट रिकामी! इकडं विश्रामबागला धो धो पाऊस, लाईट दोनदा गेली, भडंग संपलं तरी चूक सापडंना. आणि होतं काय, तर मी बेस केस, म्हणजे कुठं थांबायचं ती अट लिहिलेली नुसत्या रिकाम्या लिस्टची, पण ३ ओळी संपल्यावर उरतात ३ रिकाम्या लिस्टा, म्हणजे बाहेरची लिस्ट रिकामी होतच नाही की राव! भडंग संपलं तरी पिशवीत पुडे राहतातच ना, तसंच. एक ओळ बदलली, चाललं. आई म्हणती, एवढ्यासाठी जेवला नाहीस व्हय रं?