सोमवारी होतली

बाजाची पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीला टाकायची असेल तर आषाढापर्यंत थांबू नका. गणेश चतुर्थीच्या तोंडावर आसपासच्या सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच एका कारागिराकडे येऊन पडतात.

मी 14 वर्षं पेटीला हात लावला नव्हता. मुंबईची नोकरी, दुसरं काय. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीवर बंदी घातली होती, त्या मानाने माझी बंदी निम्मीसुद्धा नाही, अशी मनाची समजूत घातली. वेंगुर्ल्याला घरी परतलो आणि माळ्यावरून पेटी काढली. भात्याचं चामडं झुरळांनी कुरतडलेलं, स्प्रिंगा गंजलेल्या, चार पट्ट्या खाली गेल्या त्या वर येईनात. खर्जातली काळी चार, चौथी काळी पट्टी, म्हणजे काळी एकला सा धरून गाणाऱ्या माझ्यासारख्याचा पंचमच, नुसती फुसफुसत होती.

एसटीने तासभर पेटी मांडीवर घेऊन गेलो. कारागिराने उघडून बघितली. म्हणाला, ''सोमवारी ये, होतली.'' कुठल्या सोमवारी, ते विचारायचं राहिलं.

पहिल्या सोमवारी दुकान बंद, मालक भातलावणीला. दुसऱ्या सोमवारी वीज नव्हती. तिसऱ्या सोमवारी माझ्या पट्ट्या ताटात पसरलेल्या, शेजारी आणखी एका पेटीच्या. कुठल्या कुणाच्या, ते त्यालाही शपथेवर सांगता आलं नसतं. फोन तर उचलायचाच नाही. चौथ्या सोमवारी कळलं की काळी चारचा सूर, म्हणजे आत वाजणारी धातूची जीभ, बुडाशी तडकलाय आणि तसला दुसरा त्याच्याकडे नाही. अरे बाबा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर!

पाचव्या सोमवारी डबा घेऊन गेलो आणि दुकानातच बसून राहिलो. जेवणानंतर त्याने एका मोडीत निघालेल्या पेटीतला सूर काढून घेतला. टोकाकडे घासला की स्वर चढतो, बुडाकडे घासला की उतरतो. दोनदा घासायचा, बसवायचा, ऐकायचा, परत काढायचा. चाळीस मिनिटांत काम संपलं. त्याचा कान बघून माझा राग अर्धा तिथेच विरला. उरलेला अर्धा अजून आहे.

पैसे देण्याआधी स्टॉपर, म्हणजे वारा सोडणाऱ्या पुढच्या खुंट्या, बंद करून भाता मारून बघा. चारपाच वेळांनी हात अडला पाहिजे. सहज पुढे गेला तर वारा गळतोय. पट्ट्या अडकतात म्हणून आत खोबरेल सोडू नका. मी पूर्वी सोडलं होतं, त्यावर धूळ बसून चिकटा झाला होता.

बोटांचं म्हणाल तर उजव्या हाताला सगळं आठवत होतं, डावा विसरला होता. तान अर्ध्यावर असतानाच वारा संपायचा. मग आठवडाभर फक्त षड्ज, सावकाश भाता. पुतण्या पखवाजावर बसायचा, ''काका, लय वाढवू?'' नको म्हटलं की हसायचा.

27 ऑगस्ट 2025 ला चतुर्थीच्या रात्री वाडीत सात घरी वाजवली. तो पंचम किंचित चढा लागतो, टोकाकडे जास्त घासला गेला असावा. परत दुरुस्तीला मात्र नेणार नाही.