सकाळची शाळा, मोज्याची शिवण आणि शाळेचं ऑफिस

मुलाला सकाळी शाळेसाठी कसं तयार करायचं यावर सगळ्यांकडे सल्ले तयार असतात, रात्री लवकर झोपवा, दप्तर रात्रीच भरा, सकाळी टीव्ही लावू नका वगैरे. ते सगळं आम्ही करतो आणि ते चालतंही, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. आमचा चिनू पहिलीत आहे, आम्ही नाशिकला राहतो, व्हॅन सहा पन्नासला गेटवर. उठणं, दात, अंघोळ, अर्धा कप दूध, शर्ट-पँट, भांग, इथपर्यंत गाडी कुरकुरत का होईना येते. आणि मग मोजे.

मोजे म्हटलं की पोरगं सोफ्याखाली. मोजा चढवला की बोटं आक्रसून घ्यायची, "टोचतंय" म्हणत ओढून काढायचा, परत घातला की परत काढायचा, खाली व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न, सासूबाई आतून "अगं बूट खालीच घाल त्याला", आणि नवरा दाढी करता करता आरशातूनच सांगणार की ही सगळी शाळेत न जायची नाटकं आहेत. कित्येकदा मी त्याला एका पायात मोजा आणि हातात बूट अशा अवतारात व्हॅनमध्ये कोंबलंय, मागे बसलेली दुसरी-तिसरीतली पोरं हसायची, तो रडत जायचा आणि माझा ऑफिसातला पहिला तास वाया जायचा.

पण शनिवारी हे सगळं नसायचं. शनिवारी पांढरा ड्रेस, पीटीचे कॅनव्हासचे बूट, आणि साहेब स्वतःच मोजे घालून दारात उभे. घरच्यांचं म्हणणं, त्याला खेळ आवडतो म्हणून. मला ते पटेना, कारण चित्रकला त्याला खेळापेक्षा जास्त आवडते आणि तो तास तर बुधवारी असतो. मग एका रात्री दोन्ही मोजे घेऊन बसले आणि आत हात घालून बघितला. पांढरे साधे, पातळ सुती. शाळेचे राखाडी, वर दोन मरून पट्टे, नायलॉनचे, आणि बोटांच्या टोकाशी आतून शिवण अशी की सुतळीच जणू, दोन्ही टोकांना धाग्याच्या गाठी. मोजा चढवला की ती गाठ बरोबर करंगळीवर येते आणि वरून बूट घट्ट. मी माझ्या करंगळीवर दाबून बघितली, पाच मिनिटांत काढून टाकावीशी वाटली. आणि त्याने ते दुपारपर्यंत घालायचं.

आता म्हणाल, मग दुसरे मोजे आणायचे. इथेच सगळं अडलं. ते पट्ट्यांचे मोजे एकाच दुकानात मिळतात, यादीवर दुकानाचं नाव छापलेलं आहे. अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही असा शासन निर्णय २००४ सालापासून आहे, पण पट्टेच दुसरीकडे मिळत नसतील तर सक्ती वेगळी करायची गरजच काय! मी आधी मोजे उलटे करून घातले, शिवण बाहेर. चिनू खूश, शांतपणे व्हॅनमध्ये बसला. दुपारी डायरीत लाल पेनने शेरा, युनिफॉर्म इम्प्रॉपर. मग साधे राखाडी सुती घातले, पुन्हा शेरा, पालकांनी भेटावे.

भेटले. क्लासटीचर बिचाऱ्या चांगल्या आहेत, म्हणाल्या माझी काही हरकत नाही पण कोऑर्डिनेटर मॅडमना विचारा. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या एकाला सवलत दिली की सगळे मागतात, ऑफिसात अर्ज द्या. ऑफिसची खिडकी पालकांसाठी अकरा ते बारा, म्हणजे नोकरी करणाऱ्या आईने हाफ डे टाकायचा. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला आणि म्हणाल्या, "मेडिकल ग्राउंड असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल." मोज्याला सर्टिफिकेट! मी तशीच आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले, ते आधी हसले, मग चिनूच्या करंगळीवरचा लाल वळ बघून हसायचे थांबले आणि लेटरहेडवर लिहून दिलं की काही मुलांना शिवणीचा, लेबलचा त्रास खरोखर जास्त होतो, सुती मोजे चालू द्यावेत. ते जोडलं तर बाई म्हणाल्या, प्रिन्सिपल सरांची सही व्हायचीय, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात सर मीटिंगला. त्याच्या पुढे युनिट टेस्ट. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". दोन ओळींच्या अर्जात प्रोसेस नेमकी काय चालते ते मला अजून कळलेलं नाही.

मधल्या काळात जे जे केलं ते सांगते. धाग्यांच्या गाठी कापू नका, शिवण उसवते आणि नवे मोजे घ्यावे लागतात. शिवणीवर ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर ती थोडी बसते, पण नायलॉन आहे, इस्त्री जास्त तापवू नका. मोजा घालताना शिवण बोटांच्या टोकाशी किंवा खाली न ठेवता नखांच्या वर ओढून घ्या, त्यानेही फरक पडतो. आतून पातळ मोजा घालायचा सल्ला सगळे देतात, त्याने बूट घट्ट होतो आणि रड तीच.

हो, झोपेचं राहिलं. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं डॉक्टर मंडळी सांगतात, म्हणजे सहाला उठवायचं तर नऊला दिवा बंद. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा असं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलंय. आमच्या शाळेत एकाच इमारतीत दोन शिफ्ट, ज्यांना शक्य नाही त्यांना सवलतीची वाट ठेवलेली, झालं. शाळेला वेळेची सवलत मिळते, पोराला मोज्याची नाही. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा त्या अंधारात पोराला पांघरुणातून ओढून काढताना हे हमखास आठवतं.

शेवटी वाट काढली ती सासूबाईंनी. जुन्या फाटक्या मोज्यांचे मरून पट्टे कापून साध्या सुती मोज्यांच्या वरच्या काठाला हाताने शिवून दिले, टाके बाहेरच्या बाजूने. दोन फुटांवरून ओळखू येत नाहीत. डायरीत शेरा नाही, सोफ्याखाली कोणी नाही, आणि परवा तर व्हॅन यायच्या आधी आम्ही गेटवर होतो, काकांनी घड्याळ बघितलं.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही कधी असा अर्ज दिलात तर दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या, कारण परवा फोन केला तर बाई विचारत होत्या, "कुठला अर्ज?"