एका तिरक्या रेघेनं कोरं केलेलं पान

"दादा, सूचीचं पान कोरं दिसतंय हो." सकाळी सव्वादहाला ग्रंथालयातल्या ताईंचा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला. आदल्या रात्रीच मी त्यांची जुनी वेबसाइट एक्सएचटीएमएल १.० वरून एचटीएमएल ५ वर आणली होती. दोन्ही वेबपानं लिहिण्याच्या पद्धती: पहिली कडक नियमांची, दुसरी चुका सांभाळून घेणारी.

ही साइट कुणीतरी फार निगुतीनं लिहिली होती. त्या काळी बहुतेक जण एक्सएचटीएमएल लिहायचे, पण सर्व्हरकडून साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवायचे. इंटरनेट एक्सप्लोररला आठव्या आवृत्तीपर्यंत खरं एक्सएचटीएमएल उघडताच येत नव्हतं. इथे मात्र सर्व्हर पानं प्रामाणिकपणे एक्सएचटीएमएल म्हणूनच पाठवत होता. म्हणजे ब्राउझर एक्सएमएल या काटेकोर भाषेच्या नियमांनी वाचणार, आणि त्या नियमांत माफी नाही. ताईंनी एखाद्या प्रकाशकाच्या नावात नुसतं & हे चिन्ह टाकलं, की सूचीच्या जागी त्रुटीचा संदेश यायचा. याच त्रासापायी बदल करायचं ठरलं होतं.

पान उघडलं. वर टॅबवर शीर्षक होतं, खाली पांढरंफटक. सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ मजकूर, पाहिला तर सगळी पुस्तकं जागच्या जागी. माझ्या संगणकावर तर हीच फाइल व्यवस्थित उघडत होती! अर्धा तास मी सर्व्हरवरच संशय घेत बसलो.

मग ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडला; पानाची रचना ब्राउझरला कशी समजली, ते तो झाडासारखं दाखवतो. ब्राउझरनं बांधलेल्या झाडात अख्खी सूची स्क्रिप्ट टॅगच्या, म्हणजे पानाला प्रोग्राम जोडणाऱ्या खुणेच्या, पोटात गेली होती. त्या टॅगच्या शेवटी तिरकी रेघ (/) होती: 'उघडला आणि इथेच मिटला' असं सांगणारी. एक्सएमएलमध्ये तिला पूर्ण मान आहे. एचटीएमएलमध्ये ब्राउझर तिच्याकडे बघतही नाही. बीआर (नवी ओळ), आयएमजी (चित्र) असे मुळातच रिकामे टॅग आपोआप मिटतात. बाकीच्यांना बंद करणारा टॅग लागतोच. तो न सापडल्यानं ब्राउझर पानाच्या शेवटापर्यंत सगळा मजकूर स्क्रिप्ट समजून गिळत गेला. माझ्याकडच्या फाइलचं एक्सटेन्शन एक्सएचटीएमएल असल्यामुळे ती अजून जुन्याच नियमांनी वाचली जात होती. डॉक्टाइप, म्हणजे पानाच्या आरंभीची घोषणा, मी बदललं होतं, पण खरा निर्णय फाइल कोणत्या प्रकारची हे सांगणाऱ्या, सर्व्हर पाठवत असलेल्या कंटेंट-टाइपवर होता, आणि तो मी रात्री शेवटी बदलला होता.

स्क्रिप्ट टॅग नीट मिटवले. पान आलं, पण सगळी सूची निळी आणि अधोरेखित! प्रत्येक अक्षराच्या आरंभी खुणेसाठी रिकामा 'ए' टॅग होता, तोही रेघेनंच मिटवलेला. आता तो मिटतच नव्हता, आणि लिंकची रंगसंगती पुढच्या परिच्छेदांवर पसरत होती. असे टॅग ११२ निघाले. मी ते एकेक बघून दुरुस्त केले, कारण शोध-बदल आंधळेपणानं चालवला असता तर बीआरच्या रेघाही गेल्या असत्या. त्या निरुपद्रवी आहेत, म्हणून तशाच ठेवल्या.

ॲपल, मोझिला आणि ऑपेरातल्या मंडळींनी २००४ मध्ये एचटीएमएलच पुढे न्यायची वेगळी वाट धरली, २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चं काम थांबलं आणि २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत झालं, हे मला पाठ होतं. त्या मंडळींनी चुकीचं मार्कअपसुद्धा (चुकीचे टॅगसुद्धा) कसं वाचायचं याचे काटेकोर नियम लिहून ठेवले. एचटीएमएल ५ मधल्या नव्या व्हिडिओ-कॅनव्हास टॅगांपेक्षा मी त्यालाच मोठं काम मानतो. पण माफ करणारा ब्राउझर ओरडत नाही, हे त्या दिवशी अंगावर आलं. जुन्या नियमांनी निदान ओळ क्रमांक दाखवला असता. व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे टॅग तपासणाऱ्या साधनात, पान टाकल्यावर त्यानं प्रत्येक फुकट गेलेली रेघ दाखवली. ते मी आदल्या रात्रीच करायला हवं होतं.

साडेचारला ताईंना फोन केला. मी फोनवर असतानाच त्यांनी एक नवी नोंद भरली, प्रकाशकाच्या नावात मुद्दाम & टाकून. क्षणभर आम्ही दोघंही गप्प होतो. मग त्या म्हणाल्या, "आलं बघा. चिन्हासकट आलं."