आमची वाटचाल : बॅटरीवर बोलणारे अ‍ॅम्प्लिफायर

2011 साली पुण्याच्या धायरीतल्या एका गाळ्यात आम्ही काम सुरू केलं. माल एकच, शिक्षकांनी कमरेला लावायचा छोटा माईक-अ‍ॅम्प्लिफायर. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंचा घसा दुपारपर्यंत बसतो, हे आमच्या घरातच पाहिलेलं होतं.

पहिल्या मॉडेलमध्ये एलएम 386 ही आवाज वाढवणारी चिप होती. आठ पायांची, स्वस्त, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत सहज मिळणारी. एक आणि आठ नंबरच्या पायांमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, 20 वरून 200 वर जातो. आमच्या मुलांचा सोल्डरिंगचा हात याच चिपवर बसला. पण तिला निदान 4 व्होल्ट हवेत. म्हणजे चार पेन्सिल सेल, आणि सेल 1 व्होल्टवर आले की जीव शिल्लक असतानाच बदलायचे. हा खर्च बाईंच्याच पर्समधून व्हायचा, आणि ते आम्हाला पटत नव्हतं.

मग आम्ही टीडीए 2822एम ही दुसरी चिप घेतली. ती 1.8 व्होल्टपर्यंत चालते. दोनच सेल, आणि प्रत्येक सेल 0.9 व्होल्टपर्यंत पुरता वापरला जातो. ब्रिज जोडणीत, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल देऊन, वर्गापुरता आवाज मिळतो. या बदलाने आमचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला.

पुढे लिथियम सेल आले आणि त्यांच्याबरोबर क्लास-डी चिप. त्यातल्या पीएएम 8403 चं नाव या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या चिपमध्ये बरीचशी वीज उष्णता होऊन जाते. क्लास-डीमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतात, त्यामुळे ती वाचते. बाजारात तिच्यावर ‘3 वॅट’ छापतात. तो आकडा 5 व्होल्ट, 4 ओहम आणि 10 टक्के विकृतीचा, म्हणजे आवाज चक्क फाटलेला असतानाचा आहे. 3.7 व्होल्टच्या सेलवर तीच चिप जेमतेम दीड वॅटच्या आसपास देते. आमच्या डब्यावर आम्ही दीडच लिहितो. दुकानदार नाराज होतात, चालेल.

एका गिऱ्हाईकाला त्यातच मीडियम वेव्ह रेडिओ हवा होता, आजोबांना पुणे आकाशवाणीच्या बातम्या ऐकता याव्यात म्हणून. स्टेशन 792 किलोहर्ट्झवर. पीएएम 8403 चे ट्रान्झिस्टर साधारण 260 किलोहर्ट्झवर उघडझाप करतात, आणि त्या आकड्याच्या पटींवरही रेडिओत गडबड होते. त्याची तिप्पट 780. नेमकी बातम्यांच्या शेजारीच शिट्टी! रेडिओच्या मॉडेलमध्ये आम्ही टीडीए 2822एमच ठेवली. नवं ते सगळीकडे चांगलंच असं नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : क्लास-डीच्या स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंडला जोडू नका. दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, चिप जाते.

मध्यंतरी एका पुरवठादाराकडून नकली चिप आल्या. वरचा छाप हुबेहूब, पण गप्प असतानाही करंट भलताच. तेव्हापासून प्रत्येक रिळातले नमुने काढून स्पीकरवर आवाज नसताना मीटरला लावतो. शिक्षक बोलतात त्याहून जास्त वेळ थांबतात, फळ्यावर लिहितात, वह्या तपासतात. बॅटरी तिथेच संपते.

आता माईक काही मिनिटं शांत राहिला की चिपचा शटडाऊन पाय, म्हणजे तिला झोपवणारा पाय, खाली ओढणारं सर्किट बसवतोय. तेव्हा करंट 1 मायक्रोअँपिअरच्याही खाली जातो. बाई पुन्हा बोलू लागल्या की पहिला शब्द कापला जाता कामा नये, सध्या तेवढ्यावरच काम चालू आहे.